सहीपुरती मालकीण

चिकपेटेतल्या आमच्या शिवणखान्याची मी नऊ वर्षं मालकीण होते, आणि त्यातली पहिली दोन-तीन वर्षं मला काजाच्या मशीनला पायडल असतं की नसतं तेही धड ठाऊक नव्हतं. हसा खुशाल. तेव्हा मीही हसलेच होते.

माझं माहेर बंगळुरातलंच, मल्लेश्वरमचं. वडील कचेरीत कारकून, घरात पुस्तकं, मी बी.एस्सी. करून वर बी.एड. केलेलं. सासर मात्र पक्कं सुईदोऱ्याचं. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर आमचे लोक तंबू शिवायला बंगळुरात आले आणि फौज गेली तरी हे इथंच राहिले, असं माझे सासरे छातीठोक सांगायचे. त्यांना घरात, गल्लीत, सगळे अण्णाच म्हणत. घरातली मराठी अशी अर्धी कानडी की "स्वल्प थांब गं, सरी सरी, आले" हे एका दमात. मला पहिल्यांदा ऐकून हसू आलं, तर नणंद म्हणाली, वहिनी, वर्षभरात तूही असंच बोलशील. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत.

नव्वद सालच्या सुमाराला तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि माप देऊन शर्ट शिवून घेणारी गिऱ्हाइकं कमी होत चालली. अण्णांना कुणीतरी सांगितलं की सरकार छोट्या कारखान्यांसाठी एक शिबिर घेतंय. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी फुलून परत आले. केंद्र सरकारची खाती काही माल छोट्या कारखान्यांकडूनच घेतात, नाव नोंदवलं की टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत भरायची नाही, आणि आपला भाव मोठ्या गिरणीपेक्षा थोडा चढा असला तरी आधी आपल्याला विचारणार, असं सगळं त्यांनी जेवता जेवता सांगितलं. आणि कारखाना बाईच्या नावावर असेल तर मशीनच्या कर्जाला आणि जागेला आणखी सवलत.

मग घरातल्या बायका मोजल्या गेल्या. सासूबाई सही करायच्या, पण दर वेळी एक अक्षर गाळायच्या, तेही वेगवेगळं. नणंदेचं लग्न ठरलेलं. उरले मी. मी लेकीला दहीभात भरवत होते. अण्णा म्हणाले, "हात धुऊन ये बाई, एक सही करायची आहे." रेशनकार्डावर करावी तशी मी सही केली आणि परत भात भरवायला बसले.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी मालकी. माप अण्णांचं, कापणी ह्यांची, हिशेब दिरांचा, आणि सही माझी. पण सरकारला सहीवालीच लागते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टेंडर उघडायच्या दिवशी मालक हजर हवा. तपासणीला मालक हजर हवा. कचेरीत अण्णा माझ्याबरोबर यायचे तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि मला आत. आत मला विचारायचे, टाका इंचाला किती? मी बाहेर येऊन अण्णांना विचारायची, परत आत जायची. असं तीनदा झाल्यावर मला माझीच लाज वाटली आणि मी शिकायला लागले. टाका, काज, कॉलरचा कॅनव्हास, बाहीचा घेर, सगळं. हे मला "ओनर" म्हणून चिडवायचे. मी म्हणायची, ओनरला एक कप कॉफी तरी आणून द्या.

छोट्या उद्योगांच्या त्या कचेरीत एक अधिकारी बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. माझ्याच वयाच्या, सुती साडीतल्या, कन्नड बोलणाऱ्या. इतकी भली बाई मी सरकारी खुर्चीत दुसरी पाहिली नाही. माझा फॉर्म चुकला तर स्वतः नवा भरून द्यायच्या, कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायच्या. त्या फुल्यांवर मी पाच वर्षं सह्या केल्या. त्यांनी मला कधी अडकवलं असं मी म्हणणार नाही. कुणीच अडकवलं नाही हो, हीच तर गंमत आहे. एखादा दुष्ट माणूस मिळाला असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

कारण मला शिकवायचं होतं. गणित. दुसरं काही नाही. लग्नाआधी एक वर्ष मल्लेश्वरमच्या शाळेत मी आठवीला शिकवलं होतं. फळ्यावर प्रमेय मांडत जावं, आणि मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीचा चेहरा एकदम उजळावा, त्यासारखं सुख मला पुढं कशात मिळालं नाही. मी दरवर्षी अर्ज करायची. एकदा एका शाळेनं बोलावलं तर अण्णा म्हणाले, ही एक ऑर्डर होऊ दे. पुढच्या खेपेलाही, ही एक ऑर्डर होऊ दे. घोडं तिथंच पेंड खायचं.

पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये पत्र आलं. केंद्र सरकारच्या शाळेत गणित शिक्षिका. लेखी परीक्षा दिली होती, मुलाखत दिली होती, घरी अर्धंच सांगितलं होतं. जुलैच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं. सोबत सही करून द्यायचं एक छापील प्रतिज्ञापत्र होतं: मी कोणताही धंदा, व्यापार, कारखाना चालवत नाही. माझ्या कपाटात दोन कागद शेजारी शेजारी होते. एक म्हणत होता, ही बाई कारखानदार आहे, हिला मदत करा. दुसरा म्हणत होता, ही कारखानदार असेल तर हिला घेऊ नका. दोन्हींच्या डोक्यावर सिंह तेच.

मी मॅडमकडे गेले. त्यांना आधी आनंद झाला, मग त्यांनी नियम काढून वाचला. कारखाना बंद करता येतो, दुसऱ्याच्या नावावरही करता येतो, पण हातात ऑर्डर असताना नाही. आमच्या हातातली ऑर्डर मेअखेर पुरी होणार होती. म्हणजे जून अख्खा हाताशी होता. त्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांसमोर पत्र ठेवलं आणि उभी राहिले. बसलेच नाही. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग देवघराकडे बघून म्हणाले की ह्या ऑर्डरनंतर कारखाना तुझ्या नावावर राहणार नाही, माझा शब्द. अण्णा देवघराकडे बघून खोटं बोलत नसत. मी त्या आठवड्यात खडूचा डबा विकत घेतला, येवढी मी वेडी.

ऑर्डर होती दोन हजार खाकी शर्टांची. केंद्राच्या एका खात्याच्या पहारेकऱ्यांसाठी. कापड खात्याचं, शिलाई आमची. आणि कापडाबरोबर आला नमुना. सरकारी नमुना म्हणजे एक शिवलेला शर्ट, त्याला सुतळी बांधून वर लाखेचं सील ठोकलेलं. तो बघून शिवायचं.

अण्णांनी तो कापणीच्या टेबलावर पसरला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. शर्टाला छातीवर दोन खिसे. उजवा ठीक. डावा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली आणि काखेकडे कललेला. कुठल्यातरी शिंप्यानं कधीतरी घाईत शिवलेला, आणि कुणीतरी न बघता त्यावर लाख ओतलेली. अण्णा म्हणाले, हा शिवणाऱ्याला त्या दिवशी ताप असणार. सगळ्या बायका हसल्या. आमच्याकडे अकरा बायका शिवायला होत्या. काजावर बसणारी सगळ्यांत जुनी, कॉटनपेटेतून चालत यायची. ती म्हणाली, ताप नाही अण्णा, बायकोशी भांडून आला असेल.

अण्णांनी कागद बेतून कापला तो सरळ खिशाचा. मला ते दिसत होतं. करारातलं कलम मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, माल नमुन्याबरहुकूम असावा. अण्णा म्हणाले, बरहुकूमच आहे, फक्त खिसा तेवढा नीट करतोय, सरळ खिशाबद्दल शिंप्याला कुणी बोल लावत नाही. आणि मी, गणितात पहिल्या वर्गातली, मान डोलावली. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. कंत्राटी माणसानं जसा दिसला तसा वाकडा खिसा शिवून दिला असता, काखेत दिला असता तरी पर्वा केली नसती. आमच्या घराला वाकडा खिसा बघवला नाही.

मे महिन्याच्या शेवटी तपासनीस आले. सडपातळ गृहस्थ, खिशात स्टीलची पट्टी. कॉफीसुद्धा घेतली नाही. गठ्ठ्यातला कुठलाही शर्ट काढायचा, नमुन्यावर ठेवायचा, पट्टी लावायची, लिहायचं. चौथ्या शर्टाला त्यांनी पट्टी खाली ठेवली. अण्णांना अजून वाटत होतं की ते शिलाई बघून थक्क झालेत. अण्णा पुढं होऊन समजावू लागले की नमुन्यात चूक होती, ती आम्ही सुधारली. ह्यांच्या अंगावर शर्ट घालून दाखवला, असं वळा, तसं वळा. तपासनीसांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात मी हा शर्ट घालीन. पण नमुना बरोबर की चूक हे मी ठरवत नाही. जुळतो की नाही, येवढंच मी बघतो."

आणि शिक्का मारला. नामंजूर. खाली मालकाची सही, म्हणजे माझी.

दुसऱ्या दिवशी मॅडम बसनं चिकपेटेत आल्या. चपला काढून कापणीच्या खोलीत बसल्या आणि समजावून सांगितलं. लहान कारखान्याला एक सवलत आहे. मालकानं सात दिवसांत पत्र द्यायचं, चूक कबूल करायची, दुरुस्त करून देतो म्हणायचं, की जुलैअखेरपर्यंत मुदत वाढते. पत्र दिलं नाही तर ऑर्डर रद्द, आणि कारखान्याचं नाव यादीतून जातं, कायमचं. मग बोटांवर मोजत त्यांनी दुसरी बाजू सांगितली, खालच्या आवाजात. पत्र दिलं तर जुलैअखेरपर्यंत कारखाना माझाच राहणार. म्हणजे शाळा गेली. पत्र नाही दिलं तर हातात ऑर्डरच नाही, पंधरा दिवसांत मी मोकळी. जाताना त्यांनी पत्राचा मसुदा टेबलावर ठेवला. पेन्सिलीची फुली मारायला विसरल्या नव्हत्या.

मी शाळेत गेले. उन्हात दोन बस बदलून. एक महिना उशिरा रुजू होऊ का, विचारलं. तिथल्या कारकुनानं यादी दाखवली, माझ्या खाली तीन नावं होती. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही नाही आलात तर खालच्या बाईंना आनंदच होईल. वाईट हेतूनं नाही म्हणाला, पण परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

त्या आठवड्यात मी कुणाकुणावर भडकले ते विचारू नका. लाख ओतणाऱ्यावर, अण्णांवर, माझ्या डोलवलेल्या मानेवर. ह्यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, तू ठरव. अस्सा संताप आला! पहिल्या सहीला मला कुणी विचारलं नाही, हात धुऊन ये म्हणाले. पाच वर्षं कुणी विचारलं नाही. आणि जिथं कुठंही पाय ठेवला तरी काटाच, तिथं तू ठरव. त्या दिवशी ह्यांना जेवण वाढलं, पण बोलले नाही.

आणि त्या अकरा जणी. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. मी आत गेले की बोलणं थांबायचं, मशीनचा आवाज तेवढा यायचा, आणि नामंजूर झालेल्या गठ्ठ्याशेजारी बसून त्या एका शाळेच्या गणवेशाच्या चिल्लर कामाला टाके घालायच्या. काजावरची अक्का रोज मला सगळ्यांच्या आधी कॉफी आणून द्यायला लागली. त्यापेक्षा त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं तर मला चिडता तरी आलं असतं.

सहाव्या दिवशी दुपारी, वीज गेल्यामुळं मशीनं बंद होती तेव्हा, अण्णांनी मला कापणीच्या खोलीत बोलावलं. ते टेबलाला टेकून टेप गुंडाळत होते. सोडायचे, परत गुंडाळायचे. सत्तरी गाठली होती त्यांनी, पण तोपर्यंत मला ते म्हातारे कधी दिसले नव्हते.

"सही करू नकोस," ते म्हणाले. "खिसा मी सरळ केला. त्याची फेड तू का करायचीस? मी शब्द दिलाय. जा तू शाळेत."

पाच वर्षं मी हेच ऐकायची वाट बघत होते. वाकून नमस्कार करावा आणि निघावं. ते न करता मी विचारलं, मग ह्या बायकांचं काय? ते म्हणाले, मी बघतो. ते काय बघणार होते हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. गल्लीच्या तोंडावरचं आमचं जुनं दुकान, आठवड्याला चार गिऱ्हाइकं, आणि लग्नसराईत ब्लाउजचं काम. तरी ते टेप गुंडाळत राहिले आणि परत एकदा म्हणाले, जा.

मला रागच आला. अडवलं असतं तर मी भांडून गेले असते, शपथेवर सांगते. मी त्यांना सांगितलं की विचार करते. सातव्या दिवशी सकाळी मी एकटी कापणीच्या खोलीत गेले आणि फुलीवर सही केली. बायकांसाठी केली, असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. तो शिक्का माझ्या नावावर होता. मी जन्मात कधी नापास झाले नव्हते, आणि पाच वर्षं ज्याला "त्यांचा कारखाना" म्हणत होते, तो नामंजूर झाल्यावर मला माझा वाटला. हे कळल्यावर मी स्वतःलाच घाबरले.

मग दोन हजार खिसे उसवले. नीट, सुंदर, सरळ खिसे. अण्णा बसले वाकडा खिसा लावायला, तर त्यांचा हात ऐकेना. नमुना समोर ठेवूनही शेवटच्या टाक्याला खिसा सरळ व्हायचा. चार शर्ट वाया गेल्यावर ते उठले. शेवटी मीच लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, नमुन्यावर ठेवला, आणि खिसा किती अंश कललाय ते मोजलं. पुठ्ठ्याचा साचा कापला. त्या साच्यानं एकेका शर्टावर खडूची रेघ मारायची, आणि बायकांनी त्या रेघेवर शिवायचं. माझी रेघ कधी चुकली नाही. जुलैचा पहिला सोमवार आला तेव्हा मी बाराशेव्या की तेराशेव्या शर्टावर होते. घरात कुणी त्या दिवसाचं नाव काढलं नाही, सासूबाईंनी फक्त जेवणात माझ्या आवडीची आंबोळी केली. मी दोन खाल्ल्या आणि परत खाली शिवणखान्यात गेले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तपासनीस आले. पट्टी लावली, वीस शर्ट बघितले. सगळे हुबेहूब वाकडे. "आता जुळलं," म्हणाले, आणि मंजुरीचा शिक्का मारून त्यांनी या खेपेला कॉफीही घेतली. अण्णा तेव्हा दोरा आणायला म्हणून बाहेर गेले होते.

आठवड्यानं मॅडमचा निरोप आला की चूक कबूल करून वेळेत माल देणारे कारखाने कचेरीला फार आवडतात, पुढच्या टेंडरला आमचं नाव वरच आहे. अण्णांनी आपला शब्द पाळायला मला परत विचारलं, दिरांच्या बायकोच्या नावावर करू का सगळं. ती दोन वर्षांपूर्वी घरात आलेली, आणि तिला तेव्हा सातवा महिना होता. मी म्हटलं, राहू द्या, आता कुठली शाळा वाट बघतेय?

त्यानंतर अण्णांनी मला कधी सही कर म्हणून सांगितलं नाही. कागद आला की तो कापणीच्या टेबलावर ठेवायचे, पेन शेजारी ठेवायचे, आणि गल्लीत जाऊन उभे राहायचे. मी नाही म्हटलं तर मला अवघड वाटू नये म्हणून. तासभर सुद्धा उभे राहायचे, उन्हातसुद्धा. दार उघडंच असायचं. पुढची चार वर्षं एकेक कागद मी असा एकटीनं वाचला. नाही म्हणायला समोर माणूस लागतो, आणि तो भला माणूस मुद्दाम समोरून निघून जायचा. मग मी सही करायची आणि त्यांना आत बोलवायची.